मशीन नंतर घ्या, आधी श्वास ओळखायला शिका



परवा लाईव्हमध्ये एका मुलीने विचारलं, "सर, मी रेस्पिरेटरी थेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप भाड्याने द्यायचा व्यवसाय करायचाय. पाच मशीनसाठी आत्ताच लोन काढू का?"

माझं स्पष्ट मत: आत्ता नको.

मशीन काय, पैसे असले की कोणीही घेतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कॉन्सन्ट्रेटर भाड्याने देणारे किती उभे राहिले, आठवून बघा. लाट ओसरली आणि अनेकांची मशीनं माळ्यावर गेली. त्यांच्याकडे वस्तू होती, विद्या नव्हती. तुमच्याकडे विद्या येतेय, ती अर्धवट सोडू नका.

एक उदाहरण घ्या. सीओपीडीचे एक आजोबा घरी ऑक्सिजनवर आहेत. ऑक्सिमीटरवर ९० दिसतंय. घरचे घाबरून फोन करतात, "ताई, ऑक्सिजन वाढवू का?" नुसता मशीनवाला म्हणेल, "वाढवा की दोन लिटर!" पण ज्या सीओपीडी पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी साधारण ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात. उगाच ऑक्सिजन वाढवला तर पेशंट गुंगीत जाऊ शकतो. शिकलेला थेरपिस्ट आधी विचारेल, डॉक्टरांनी किती लिटर लिहून दिलंय? बोलताना धाप लागतेय का? नेहमीपेक्षा जास्त झोप येतेय का? आणि मग लगेच डॉक्टरांशी बोलेल. गिऱ्हाईक पैसे देतं ते या प्रश्नांचे. इथे चूक झाली तर धंदा बुडतो ही छोटी गोष्ट. कुणाचा तरी जीव जातो.

मग विद्यार्थी असताना तयारी कशाची करायची?

पहिली, आकडे समजून घ्या, नुसते पाठ करू नका. धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ हे सगळेच लिहितात. तो बिघडला तर का बिघडला, हे सांगता आलं पाहिजे. व्हेंटिलेटरवर श्वासाचं माप पेशंटच्या वजनकाट्यावरून नाही, उंचीवरून काढतात. का? वजन वाढलं म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. असं प्रत्येक "का" वहीत लिहा.

दुसरी, वॉर्डात हात चालवा. अलार्म वाजला की आधी पेशंटकडे बघायचं, मग मशीनकडे. बायपॅपचा मास्क नीट बसवणं पुस्तकातून येत नाही. नाइट ड्युटी टाळू नका.

तिसरी, मशीन आतून ओळखा. कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन देतो. फिल्टर धुळीने भरला, आतला भाग थकला, तर मशीन घरघरत राहतं पण ऑक्सिजनची शुद्धता घसरते. ती अ‍ॅनालायझरने तपासायची सवय आत्ताच लावा.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: साध्या मराठीत समजावून सांगायला शिका. इन्हेलर देऊन निघून येऊ नका. आजींना तुमच्यासमोर घ्यायला लावा. श्वास पूर्ण सोडला का? दाबताना सावकाश आत घेतला का? दहा सेकंद धरला का? स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरली का? ऑक्सिजन लावलेल्या खोलीत समई, उदबत्ती, विडी काहीही पेटवायचं नाही, हे सुनेला, नातवाला, सगळ्यांना सांगा. लाईट गेली तर काय करायचं, तेही पहिल्याच दिवशी ठरवून द्या.

तुम्ही म्हणाल, "सर, तोवर बाजारात दुसराच कोणी कमी भाड्यात मशीन देईल." देईल ना! चिठ्ठी न बघताही देईल. ते गिऱ्हाईक जाऊ द्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मशीन द्यायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. भाडं कोणीही कमी करू शकतो. पण डॉक्टर पेशंट पाठवतात ते विश्वासाच्या माणसाकडेच.

म्हणून त्या ताईला सांगणं एवढंच: इंटर्नशिप मन लावून पूर्ण कर, वर्ष-दोन वर्षं आयसीयूत काम कर, मग दोन मशीनपासून सुरुवात कर. इंटर्नशिपचं वर्ष हे तुझं बिनव्याजी भांडवल आहे. ते वाया घालवून बँकेचं व्याज अंगावर घेऊ नकोस.

चला, कामाला लागा!