मोर्चा मे महिन्यात, निर्णय ऑक्टोबरात

गिरणाकाठच्या तालुक्यांत पाण्याचे आंदोलन ठरलेल्या ऋतूत पेटते. एप्रिल-मे उजाडतो, नळाच्या पाण्याची पाळी लांबत जाते आणि चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यात हंडा मोर्चा निघतो किंवा रास्ता रोको होतो. शेवटी तहसीलदारांना निवेदन दिले जाते. त्यावर आवक शिक्का पडतो आणि ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे रवाना होते. धरणातून एखादे आवर्तन सुटले की लोक घरी परततात. या लोकांच्या तळमळीबद्दल शंका नाही. उन्हात रिकामा हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला कोणी व्यूहरचना शिकवावी असेही नाही. पण धरणाचे पाणी वाटले जाते ते मे महिन्यात नव्हे. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून पाटबंधारे खाते वर्षाचा हिशेब मांडते. पिण्यासाठी किती राखायचे, रब्बीला किती आवर्तने द्यायची, हे त्यानंतरच्या काही आठवड्यांत पाणी आरक्षणाच्या आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकांत ठरते. त्या वेळी काठावरची गावे कापूस वेचणीत आणि दिवाळीच्या तयारीत असतात. म्हणून गिरणेच्या पाण्याची मोहीम पावसाळ्यात बांधली पाहिजे, आणि ती एकट्या भडगावाची असून चालणार नाही.

एकट्याने का भागत नाही, हे नदीकडे पाहिले की कळते. सह्याद्रीत उगम पावून कळवण, मालेगावकडून येणारी गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. नांदगाव तालुक्यातले १९६९ सालचे गिरणा धरण साडेअठरा टीएमसी उपयुक्त साठ्याचे आहे, पण त्याच्या वर चणकापूर, हरणबारी, केळझर ही धरणे आहेत. वरची भरल्याशिवाय खाली फारसे येत नाही. २०१९ मध्ये गिरणा धरण काठोकाठ भरले ते सुमारे एका तपाने. याच साठ्यावर मालेगाव शहर आहे, नांदगावकडची छप्पन्न खेड्यांची योजना आहे, जामद्याच्या कालव्यांखालची शेती आहे आणि नदीपात्रात विहिरी खोदून पाणी उचलणारी खालची गावे आहेत. यातल्या प्रत्येकाचे निवेदन वेगळे आणि मागणी एकच: आम्हाला जास्त द्या. अशी दहा निवेदने समोर असली की अधिकाऱ्याला कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

पिण्यासाठी नदीत पाणी सोडले जाते तेव्हाचे दृश्य या फाटाफुटीचा नमुना आहे. पाणी वाटेत उचलले जाऊ नये म्हणून काठावरच्या कृषिपंपांची वीज तोडतात. ज्याची केळी आणि लिंबाची बाग डोळ्यांदेखत करपते आहे तो शेतकरी समोरून वाहणारे पाणी नुसते पाहतो आणि शहरातला माणूस त्याच शेतकऱ्याला पाणीचोर ठरवतो. दोघेही एकाच नदीचे, पण त्या आठवड्यात एकमेकांचे वैरी. वीज किती तास बंद राहील, बागेला किमान किती पाणी मिळेल, हे आधीच ठरवून दोघांनी मिळून मागितले, तर हे वैर टळू शकते. आघाडी बांधणे म्हणजे एका व्यासपीठावर हार घालून घेणे नव्हे. दुसऱ्याची गरज आपल्या मागणीपत्रात लिहून घेणे, हे तिचे खरे काम.

वाळूचा प्रश्न याहून अवघड आहे. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती उपसली की आवर्तनाचे पाणी येते आणि निघून जाते, आणि काठच्या विहिरी लवकर तळ गाठतात. तरी वाळूविरोधी मोहीम गावोगाव अडखळते, कारण ट्रॅक्टर भरणारा मजूर त्याच गावचा असतो. याचे एक उत्तर सांगली जिल्ह्याने दिले आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर ठेकेदारांच्या वाळूउपशाविरुद्ध मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तिने थोडी वाळू विकण्याचा हक्क गावासाठी मिळवला आणि तो पैसा बळीराजा धरण बांधायला लावला. त्या धरणाचे पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता भूमिहीनांनाही त्यात वाटा देण्याचे ठरले. ज्याला एरवी पाण्याच्या लढ्यात काहीच मिळाले नसते, तोही त्यामुळे त्या लढ्याचा झाला. पुढे १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांनी सांगली, सातारा, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांना एका मागणीवर आणले. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांची मागणी चार तालुक्यांची आहे. तिच्यात काठावरच्या भिल्ल, कोळी वस्त्यांचा आणि वाळूवर पोट असलेल्या मजुरांचा वाटा कुठे लिहिलेला आहे?

आता आक्षेप. पहिला असा की एवढ्या जणांना जमवताना वेळ जाईल आणि मागणीची धार बोथट होईल. खानदेशाने ज्यांना आपले मानले त्या साने गुरुजींचे उदाहरण इथे पाहावे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४६ च्या अखेरीस ते उपोषणाला बसणार होते. सेनापती बापट प्रभृतींच्या आग्रहावरून त्यांनी ते सहा महिने पुढे ढकलले आणि महाराष्ट्रभर फिरून लोकमत तयार केले. १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले ते वारकरी परंपरेतल्या तनपुरे महाराजांच्या मठात, म्हणजे ज्यांचा विरोध होईल असे वाटावे त्यांच्याच अंगणात. दहा दिवसांत बडवे राजी झाले. त्या सहा महिन्यांत मागणीचा एक शब्दही सौम्य झाला नव्हता.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: हे काम आमदार-खासदारांचे आहे, त्यांनीच करावे. त्यांनी करावेच. पण आमदाराचा मतदारसंघ एक-दोन तालुक्यांपाशी संपतो आणि मालेगावशी बोलून पाणी वाटून घेण्यात त्याला मते मिळत नाहीत. काठावरच्या सर्व गावांचा एकच ठराव हाती आला, तर तडजोड करायला त्यालाही आधार मिळेल. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: वरचे तालुके खालच्यांना का ऐकतील? कायदा आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात टंचाईचा भार खोऱ्यात समन्यायाने वाटण्याचे तत्त्व आहे. पण गोदावरी खोऱ्यात याच तत्त्वावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात न्यायालयापर्यंत वाद गेले आणि टंचाईच्या वर्षी जायकवाडीला पाणी सोडताना पुन्हा तेच भांडण उभे राहते. कायद्याने पाणी सुटते, शेजार टिकत नाही. शिवाय मालेगावही गिरणा धरणावर अवलंबून असल्याने ते भरण्यात त्याचा स्वार्थ आपल्याएवढाच आहे. बोलणी तिथूनच सुरू होऊ शकतात.

मग कामाचा क्रम उलगडतो. जून-जुलैत पाणीवापर संस्था, नगरपालिकांचे पाणीपुरवठा विभाग, केळी उत्पादक, महिला बचत गट आणि मजूर यांच्या बैठका घ्याव्यात. कोणाला किती पाणी लागते याचा कागद लोकांनीच तयार करावा. खात्याचे आकडे माहिती अधिकारात मिळतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत काठावरच्या प्रत्येक गावाने एकाच मजकुराचा ठराव करावा. त्यात पिण्याचे आरक्षण, रब्बीची आवर्तने, वीजबंदीचे तास आणि वाळूउपशाची मर्यादा या चारच बाबी असाव्यात. सप्टेंबरात हे ठराव नाशिक आणि जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे एकाच दिवशी जावेत, आणि आरक्षणाच्या बैठकीआधी लेखी उत्तर मागावे. उत्तर आले नाही तर ऑक्टोबरात मोर्चा काढावा. तेव्हा धरणात मागण्याजोगे पाणी असते. पहिली बैठक मात्र भडगावात नको. ती मालेगावात व्हावी, आणि भडगावकरांनी तिथे पाहुणे म्हणून जावे.