हातगुण

२०२५चा सप्टेंबर संपत आला होता. नांदेडच्या जुन्या मोंढ्याकडच्या एका वाइंडिंगच्या दुकानापुढे मोटारी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येकीला तारेनं बांधलेली चिठ्ठी: नाव, गाव, एचपी. मुखेड, नायगाव, बिलोली, कंधार, लोहा. काही पुरात बुडून गाळानं भरलेल्या, काही पाणी ओसरल्यावर लाइट आली त्याच दिवशी जळालेल्या. सोयाबीन तर हातचं गेलंच होतं. रब्बीला तरी पाणी ओढता यावं म्हणून लोकांनी त्या टेम्पोत घालून आणल्या होत्या. आमच्या अंकाच्या छपाईसाठी कागदाची चौकशी करायला आम्ही त्या बाजूला गेलो होतो, ते तासभर तिथंच थांबलो.

खाली गोणपाटावर बसलेला विशीतला पोरगा छिन्नीनं जळकं तांबं कापून काढत होता. कापलेल्या कॉइलची टोकं त्यानं एकेक करून मोजली आणि आकडा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिला. तारेची जाडी गेजनं पाहिली. मग स्लॉट साफ करून त्यात कागदाची पट्टी, त्यावर नवी कॉइल, वरून बांबूची काडी ठोकून बंद. मान वर न करता तो समोरच्या शेतकऱ्याला म्हणाला, "काका, दोन फेजवर चालवली ना मोटार?" काकांनी सोबतच्या मुलाकडं पाहिलं. मुलगा लातूरला नीटची तयारी करतो, यंदा रिपीटर, पुरामुळं चार दिवस घरी आलेला. "मला काय माहीत, मी कुठं होतो तिथं," तो म्हणाला. मग जरा वेळानं, कोणी विचारलं नसताना, "फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम असतो तो," असंही म्हणाला. वाइंडिंगवाला नुसता हसला. दहावीला तो विज्ञानातच नापास झाला होता. विद्युतधारेच्या परिणामांचा धडा आणि त्यातली मोटारीची आकृती त्याच्याही पुस्तकात होती. शाळेत मोटार नव्हती.

दोघं एकाच बोर्डाची पोरं. एका मोटारीचा अर्धा भाग एकाकडं, उरलेला अर्धा दुसऱ्याकडं, आणि मधे दुकानाचा काउंटर.

आपल्याकडं चांगल्या डॉक्टरची तारीफ करताना त्याचे टक्के कोणी सांगत नाही. त्याच्या हाताला गुण आहे, असं म्हणतात. यंदाचा आमचा अंक त्या गुणाविषयी आहे, म्हणजे शाळेत हाताला काय शिकवलं जातं आणि काय शिकवायचं राहून जातं याविषयी.

टक्क्यांचंही बोलू, त्यात आपण मागं नाही. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे तीन जिल्हे मिळून लातूर विभागीय मंडळ होतं. २०२५च्या दहावीत राज्यातल्या २११ मुलांना १०० टक्के मिळाले, त्यातली ११३ या तीन जिल्ह्यांतली. आदल्या वर्षी १८७ पैकी १२३. शंभरीपर्यंत पोचायला चित्रकलेची इंटरमिजिएट, शास्त्रीय संगीत, लोककला, खेळ यांचे वाढीव गुण कामी येतात, हे घरोघरी पाठ आहे. बोटाला, गळ्याला, पायाला मार्क द्यायला आपली हरकत नाही, फक्त ते वरून शिंपडलेल्या कोथिंबिरीसारखे हवेत. आठवीतल्या पोरीला चित्रकलेच्या क्लासला घालणारे पालक ती अकरावीत गेली की रंगपेटी माळ्यावर टाकतात. आणि त्याच २०२५ साली लातूर विभागाचा बारावीचा निकाल ८९.४६ टक्के लागला, राज्यात सर्वांत कमी. ११३ मुलांचे फ्लेक्स चौकाचौकात लागले. त्या शेवटच्या नंबरचा फ्लेक्स कोण लावणार?

आमच्या वेळी वेळापत्रकात कार्यानुभव होता. आठवड्याला दोन तास. त्या तासाला कधी घोटीव कागदाची फुलं, कधी आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, आणि वर्षातले बाकीचे सगळे दिवस बीजगणित. सहामाही-वार्षिकच्या प्रगतिपुस्तकात सगळ्या वर्गाला सरसकट 'अ' श्रेणी. पण त्या शाळेतून एक गोष्ट आमच्या हातात राहिली आणि ती शिकवली शिपाईमामांनी. सायकलचं पंक्चर. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, तिथं कॉपिंग पेन्सिलीची खूण करायची, पॉलिश पेपरनं घासायचं, सोल्यूशन लावायचं आणि मग थांबायचं. मामा हात धरायचे. सोल्यूशन वाळल्याशिवाय पॅच लावला की तो धरत नाही. एवढं थांबायला आम्हाला कुठल्याही विषयाच्या सरांनी शिकवलं नाही.

हाताच्या शिक्षणाचा हा विषय नवा म्हणून कोणी आणत असेल तर त्याला सांगावं लागेल की बाबा, तू फार उशिरा आलास. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले होते. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाची, परिषद झाली. साठच्या दशकातल्या कोठारी आयोगानं कार्यानुभव हा शब्द रुजवला. १९८६च्या राष्ट्रीय धोरणानं तर आकडाच दिला: १९९५पर्यंत उच्च माध्यमिकची २५ टक्के मुलं व्यवसाय शिक्षणाकडं. त्यापाठोपाठ आपल्याकडं किमान कौशल्याचे अभ्यासक्रम आले, एमसीव्हीसी. आमच्या पिढीत एमसीव्हीसीला गेलेला पोरगा लग्नाच्या बायोडाटात नुसतं 'बारावी' लिहायचा. २०२०च्या धोरणात सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दहा दिवस बिनदप्तराची शाळा आहे. त्याच धोरणात, १९ ते २४ वयातल्या भारतीय कामगारांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालं, अशी कबुलीही आहे. दक्षिण कोरियाचा आकडा ९६ दिला आहे.

कागद असे पुष्कळ झाले. घडलेलं पाहायचं तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जावं लागतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट करून आलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले शास्त्रज्ञ. १९८३ साली ते या दुष्काळी गावात आले आणि विज्ञान आश्रम काढला. त्यांचा हिशेब साधा होता: माणूस काम करता करता शिकतो, मग शाळेनं त्याला काम द्यावं. त्यातून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन, असे चार भाग. वेल्डिंगही करायचं आणि रक्तगटही तपासायचा, वायरिंगही आणि मातीपरीक्षणही. शिकवणारे गावातलेच कारागीर. आणि पोरांनी केलेलं काम खोटं नसायचं. गावाला लागणारंच ते काम, लोकांनी करून घेतलेलं. बोर्डानं याला विषय म्हणून मान्यता दिली. म्हणजे हे होऊ शकतं, आपल्याच राज्यात, आपल्याच बोर्डाखाली. कलबाग २००३ साली गेले, आश्रमाचं काम चालू आहे.

सध्या काही सरकारी आणि अनुदानित शाळांत नववीपासून व्यवसाय विषय आहेत: मल्टिस्किल, ऑटोमोबाइल, आरोग्यसेवा, ब्युटी, रिटेल. एखाद्या भाषेच्या जागी असा विषय घेता येतो. तो कुणाला दिला जातो, हे कुठल्याही हेडमास्तरांना चहा पाजून विचारा. ज्याची भाषा निघणार नाही, त्याला. शिकवणारा प्रशिक्षक कंपनीमार्फत कंत्राटावर, उन्हाळ्यानंतर परत येईल की नाही हे त्यालाही माहीत नसतं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो आम्हाला मनापासून मान्य आहे. शेत विकून पोराला नीटच्या क्लासला घालणारा बाप वेडा नाही. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या हातानंच काम केलं, ज्यांच्या हाताला काम होतं आणि मान नव्हता, त्यांना आता कोणी 'हाताचं काम थोर' असं सांगायला लागलं की ते सावध होतात. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ बापाचा धंदा, अशी योजना आणली. चांभाराच्या पोरानं चांभारकीच शिकावी, असा त्याचा सरळ अर्थ लोकांनी लावला, रस्त्यावर आले, आणि पुढच्याच वर्षी कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना बुडाली. बरं झालं बुडाली. विद्यापीठाच्या नामांतरावरून घरं जळालेली पाहिलेल्या मराठवाड्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणूनच आमचं म्हणणं उलट बाजूनं आहे. हा विषय नापासांसाठी ठेवू नका. आधी त्या ११३ जणांना द्या. सेमीच्या 'अ' तुकडीपासून सुरुवात करा. पाटलाच्या पोरानं चपलेला टाके घालावेत, वाण्याच्या पोरानं गवंड्याच्या हाताखाली ओळंबा धरावा, मुलींनी मोटार भरावी आणि मुलांनी दहा माणसांचा स्वयंपाक करून भांडीही घासावीत. तुकडीतल्या हुशार पोरांना जे सक्तीचं असतं त्याला गावात आपोआप इज्जत येते. संस्कृतचं नाही का तसं झालं?

आणि लातूरला हे जमणार नाही, असं आम्हाला पटत नाही. लातूर पॅटर्न म्हणून परीक्षेतल्या ज्या यशाचा राज्यभर बोलबाला झाला, त्याचं गुपित काय? राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या ठिकाणी प्राध्यापकांनी सुट्टीतसुद्धा बसून घेतलेला सराव. प्रश्न सोडवा, चूक शोधा, पुन्हा सोडवा, पुन्हा. ही तर अस्सल कारागिराची रीत. सुतार उमेदवाराकडून पहिल्या वर्षी रंधाच मारून घेतो. आपण कारागिराची पद्धत उचलली, ती एमसीक्यूला लावली आणि नंतर क्लासच्या बाजारात विकली. २०२४ साली नीटच्या गैरव्यवहाराचा तपास लातूरपर्यंत आला तेव्हा त्या बाजाराचं तोंड सगळ्या देशानं पाहिलं. मूळ रीत मात्र खणखणीत आहे. ती हाताला परत द्यायची आहे.

कामंही उंबऱ्याशी येऊन उभी आहेत. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. वंदे भारतचे स्लीपर डबे तिथं करायचं ठरलं आहे. वेल्डर कुठले असतील? उदगीरच्या केंद्रात खादी विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचा राष्ट्रध्वज होतो. पंधरा ऑगस्टला झेंड्याला सलामी देणाऱ्या आपल्या किती शाळांनी पोरांना तिथवर एकदा नेलं आहे? बिनदप्तराच्या दहा दिवसांपैकी एक दिवस तरी उदगीरचा हवा. २०२१च्या शेवटी ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली, तेव्हापासून त्या मागांचं काय होतं आहे, तेही पोरांनी विणकरांच्याच तोंडून ऐकावं.

किल्लारीच्या भूकंपाची आठवण काढल्याशिवाय आमच्या भागात हा विषय पुरा होत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जी माणसं गेली, ती बहुतेक घरातच गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, डोक्यावर माळवदाचं ओझं, आणि भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या पदराला एकत्र बांधणारा आरपार दगड नाही. नंतर दुरुस्तीच्या कार्यक्रमात गवंड्यांना आणि गावोगावच्या बायांना हे शिकवलं गेलं. नव्या भिंती बघून चूक दाखवणाऱ्या बाया तयार झाल्या. ते शिक्षण शाळेच्या पुस्तकात कधी उतरलं नाही. भूकंपाची व्याख्या दोन मार्कांना येते. स्वतःच्या घराची भिंत कशी तपासायची, ते येत नाही.

यंदाच्या पुरानंतरही हीच उणीव दिसली. पिकांची नोंद करणारी ई-पीक पाहणी शेतकऱ्यानं आपल्या मोबाइलवर करायची असते, मदतीसाठी अनेकांना ई-केवायसी करावी लागली. सेवा केंद्रांपुढं रांगा होत्या आणि रांगेतल्या कित्येकांच्या घरी दिवसभर रील पाहणारं दहावी-बारावीचं लेकरू होतं.

या अंकात वाइंडिंगवाला आहे, सुईण आहे, दालमिलचा फिटर आहे, आचारी आहे. त्यांनी सांगितलं, आम्ही लिहून घेतलं. भाषा त्यांचीच ठेवली आहे. प्रमाण मराठीत आणायचा मोह मुद्रितशोधकांना झाला होता, तो आवरला. कवितांची पानं यंदा थोडी कमी आहेत, कवींनी राग मानू नये. 

वाचकांकडं एकच मागणं. महिन्यातला एक शनिवार आपल्या गावच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांना काही शिकवायची ज्यांची तयारी आहे, मग ते फ्यूज बांधणं असो, हिशेबाची वही असो, जखमेवर पट्टी बांधणं असो, की पुरणपोळी, त्यांनी अंकावरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावं. नाव, गाव आणि काय शिकवाल, एवढंच लिहा. हेडमास्तरांशी आम्ही बोलतो.