वाळूची चार पोती आणि ष्टाइल

माझा एक मित्र आहे. नाव सांगत नाही, कारण तो हे वाचतो. आमच्यासारखाच आयटीतला, फरक इतकाच की शनिवारी मी कीबोर्ड बडवतो आणि तो गाडी पुसतो. गेल्या वर्षी त्याने पिकअप घेतली. चार दारं, फोर बाय फोर, मागे ऐसपैस हौदा. त्या हौद्यातून आजवर गेलेला सगळ्यात अवजड माल म्हणजे गणपतीच्या मखराचे पुठ्ठे.

पण साहेबांना एक दुःख होतं. गाडी मागून वर उभी राहते. "बेडकासारखी दिसते रे, आत्ता उडी मारेल अशी." मग त्याने इंटरनेटवर चार फोटो पाहिले आणि उपाय शोधला: हौद्यात, अगदी मागच्या फाळक्याला लागून, वाळूची चार पोती. पन्नास-पन्नास किलोची. कायमची. मी स्वतः टेप धरून मोजलंय, गाडी मागून बरोब्बर तीन सेंटिमीटर बसली. मग फोटो काढले. मीच काढले, हे आधीच कबूल करतो.

आता भांडण. अरे बाबांनो, पिकअप मागून वर असते ती चुकून नाही. ती तशीच बनवलेली असते. मागचे पाटे माल धरून ठरवलेले असतात. गाडी रिकामी असताना पाठ वर, पूर्ण भरली की जवळपास सपाट. म्हणजे ती जी वर उचललेली जागा तुम्हाला बेढब दिसते ना, ती मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे. हे खडकीत राहणाऱ्या माणसाला तरी सांगायला लागू नये. दारूगोळा कारखाना, ५१२ आर्मी बेस वर्कशॉप, सकाळ-संध्याकाळ लष्करी ट्रक. रिकामा ट्रक कसा उभा राहतो आणि भरलेला कसा, हे इथलं पोरगं शाळेच्या वाटेवर बघत मोठं होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हरचा सीपीयू वीस टक्केच वापरला जातोय, ग्राफ चांगला दिसत नाही, म्हणून एखाद्याने रिकामं व्हाइल लूप फिरवत ठेवावं, तसं हे आहे. प्रॉडक्शनवर असं केलं तर आपण त्या माणसाला उभं करू का दारात?

बरं, "थोडं वजन टाकलं तर बिघडतं काय?" असं विचारणारे भेटतीलच. गणित करू या, सोपं आहे. दोन चाकांमधलं अंतर साधारण तीन मीटर. दोनशे किलो वाळू मागच्या अॅक्सलच्या पाऊण मीटर मागे. शाळेतला तरफेचा नियम लावला की पुढच्या चाकांवरचं ५० किलो वजन कमी होतं आणि मागे २५० वाढतं. जी चाकं गाडी वळवतात आणि ब्रेक लावताना जास्तीत जास्त काम करतात, नेमकी तीच तुम्ही हलकी केलीत. शिवाय दोनशे किलो म्हणजे तीन धडधाकट माणसं. पाच जण बसून लोणावळ्याला निघालात की गाडीच्या हिशेबाने आठ जण निघाले. ते तिघे डिझेल पितात, टायर झिजवतात आणि टोलनाक्यावर चहासुद्धा पाजत नाहीत. :-)

पण माझा खरा राग हेडलाइटवर आहे. लो बीम साधारण शंभराला एक या प्रमाणात खाली झुकवलेला असतो. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर उजेडाची वरची कड ९० मीटरवर रस्त्याला टेकते. आता गाडी मागून तीन सेंटिमीटर बसवा. तीन मीटरला तीन सेंटिमीटर, म्हणजे परत शंभराला एकच! झुकाव शून्य. उजेड रस्त्याला टेकतच नाही, सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. आणि समोर कोण असतं? आपल्यासारखा काचेआड बसलेला नव्हे. बोपोडीकडून हॅरिस पुलावर चढणारा स्कूटरवाला असतो, पुढे पिशवी, मागे पोर, आणि पावसात हेल्मेटच्या काचेवर थेंब. त्याला तुमची गाडी किती झकास उभी राहते ते दिसत नाही. त्याला काहीच दिसत नाही.

गंमत म्हणजे यावरचा उपाय गाडीतच असतो. स्टिअरिंगच्या बाजूला शून्य ते तीन आकडे असलेलं छोटं चाक असतं, माल भरला की दिवे खाली करायला. मित्राला विचारलं, हे कशासाठी? म्हणाला, "ए.सी.चं असेल." आठ महिने गाडी चालवतोय!

"मग टेम्पोवाले पण टाकतात की वाळू," हा पुढचा वकिली मुद्दा. टाकतात ना. (पुण्यात मालवाहू गाडी कुठल्याही कंपनीची असो, ती टेम्पोच. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने हे नाव इतकं रुजवलं की २००५ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव फोर्स मोटर्स केलं तरी लोकांनी काही बदललं नाही. असो.) जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबण होतो, आणि रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी असल्याने घसरतात. बर्फाच्या देशांतही लोक हिवाळ्यात याचसाठी वाळू ठेवतात. पण शहाणा माणूस पोती अॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवतो, दोरीने आवळतो, आणि माल मिळाला की उतरवतो. कारण त्याला प्रत्येक किलोचे पैसे मिळतात. २००५ मध्ये छोटा हत्ती आला, ७५० किलोंचा. त्याच्या मालकाला सांगून बघा की यातले दोनशे किलो फोटोसाठी दे. तो तुम्हाला जे ऐकवेल ते मी इथे लिहू शकत नाही.

आणि याच टेम्पोवाल्याने जादा माल भरला की आपण गाडीत बसून त्याला शिव्या घालतो. चूकच आहे त्याची, प्रश्नच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्याला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पण त्याचं वजन भाड्यासाठी असतं, आपलं लाइकसाठी.

आता हे सगळं आज का लिहितोय? कारण मागच्या शनिवारी आम्ही जुन्या मुंबई रस्त्याच्या आतल्या बाजूला एका गॅरेजात गेलो होतो. वाळू पावसात भिजून हौदा घाण होतो, म्हणून मित्राला कायमचा बंदोबस्त हवा होता. तिथला पोरगा म्हणाला, "एक पाटा काढून टाकतो साहेब, आपोआप बसेल." मित्र खूश. वजन नाही, घाण नाही, ष्टाइल तीच.

हे वाळूपेक्षा भयंकर आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलपासून बॉडीपर्यंत एक दांडा जातो आणि तो ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला जोडलेला असतो. बॉडी खाली आली की व्हॉल्व्ह समजतो माल भरलाय, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. त्या बिचाऱ्याला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. वाळू निदान खरं वजन तरी होती. पाटा काढलात तर तुम्ही सेन्सरला खोटं इनपुट देताय. हौदा रिकामा, व्हॉल्व्हच्या मते भरलेला. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते. एबीएस असेल तर थोडं सावरेल, पण त्याच्या भरवशावर मी बसणार नाही. उलटं, जादा पाटे चढवून ओव्हरलोड करणाऱ्यांचा व्हॉल्व्ह भरल्या गाडीला रिकामी समजतो आणि ब्रेक कमी पडतो. दोघेही एकाच बगचे बळी.

कायदाही बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा अर्थ असा की कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार चालत नाही. अमेरिकेत तर पुढून उंच, मागून बसकी अशा पिकअपची फॅशन इतकी बोकाळली की नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये आणि पाठोपाठ व्हर्जिनियाने त्यावर बंदीच घातली. तिथली टाकून दिलेली फॅशन इथे नवी म्हणून येते, ही आपली जुनी परंपरा.

गॅरेजात मी हे सगळं बोललो, जरा जास्तच आवाजात. पोरगा गप्प. आतून म्हातारे मिस्त्री बाहेर आले, गाडीखाली वाकून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "माल काय भरता?"

मित्र म्हणाला, "काही नाही."

"मग कार घ्यायची होती," म्हणाले आणि परत आत गेले.

पाटा अजून जागेवर आहे. पोती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरवली आहेत. त्यातली दोन तळमजल्यावरच्या काकांनी प्लास्टरसाठी नेली. मित्र माझ्याशी चार दिवस बोलला नाही. काल मात्र मेसेज आला, ते शून्य ते तीनवालं चाक नेमकं कितीवर ठेवायचं म्हणून.