तवंग गेला म्हणजे तेल गेलं?

समुद्रात तेल सांडलं की विमानातून डिस्पर्संट, म्हणजे तेल विखुरणारं रसायन, फवारतात. काळा तवंग दिसेनासा होतो आणि सांगितलं जातं: तेलाचे बारीक थेंब झाले, आता जिवाणू ते फस्त करतील. यातलं थेंबांचं म्हणणं खरं आहे. जिवाणूंचं मात्र तपासून घ्यावं लागतं.

2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ हे तेलविहीर खोदणारं तरंगतं व्यासपीठ पेटलं. 11 कामगार दगावले, समुद्रतळाची विहीर 87 दिवस वाहत राहिली. तिथं सुमारे 70 लाख लिटर डिस्पर्संट ओतलं गेलं. पैकी 29 लाख लिटर थेट दीड किलोमीटर खाली, विहिरीच्या तोंडाशी. खोल पाण्यात तेलभक्षी जिवाणू झपाट्यानं वाढल्याचं त्याच वर्षी दिसलं आणि रसायनाच्या समर्थकांनी श्रेय घेऊन टाकलं. पण या आखाताच्या तळातून तेल पूर्वापार झिरपतंच आहे. तिथल्या जिवाणूंना तेल खायला कोणी शिकवायला नको होतं.

पुढे 2015 मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या सामंथा जॉय यांच्या गटानं आखाताचं खोल पाणी बाटल्यांत भरून पाहिलं. नुसतं तेल असलेल्या बाटल्यांत ‘मॅरिनोबॅक्टर’ हा पट्टीचा तेलखाऊ फोफावला. डिस्पर्संट पडताच तो मागे सरला आणि ‘कोलवेलिया’ पुढे आला, ज्याला डिस्पर्संटचे घटकही खाद्य म्हणून चालतात. तेलाचं विघटन जलद झालं ते रसायन नसलेल्या बाटल्यांत.

मग डिस्पर्संट म्हणजे निव्वळ विष? विरोधकांचीही इथं घाई होते. त्या बाटल्यांत तेल पाण्यात आधीच मिसळलेलं होतं, वर तवंग नव्हताच. ज्याचं काम तवंग फोडण्याचं, त्याला तवंगच न देता नापास कसं करणार?

एक्झॉनमोबिलच्या संशोधकांचा 2013 चा प्रयोग इथं उपयोगी पडतो (तेल कंपनीचा म्हणून डोळे उघडे ठेवून वाचावा, इतकंच). 8 अंश सेल्सिअसच्या समुद्रपाण्यात 2.5 पीपीएम इतकंच तेल मिसळलेलं. ते निम्म्यावर यायला डिस्पर्संटसह 11 दिवस लागले, त्याविना सुमारे 14. म्हणजे तेल एकदा विखुरलं की रसायनाची मिळकत तीनेक दिवसांची. खरा लाभ विखुरण्याचाच. जिवाणू तेल आणि पाण्याच्या सीमेवर काम करतात. जाड तवंगाला ही सीमा थोडी, सूक्ष्म थेंबांना भरपूर. शिवाय जिवाणूंना नायट्रोजन, फॉस्फरस लागतो, तो तेलातून नव्हे, भोवतालच्या पाण्यातून येतो. म्हणून थेंब दूरवर विरळ पसरायला हवेत.

त्यासाठी खोल, खुला, खळाळता समुद्र हवा. तिथं डिस्पर्संट समर्थनीय आहे. उथळ किनाऱ्यावर तेच थेंब दाटून माशांच्या अंड्यांपिल्लांपर्यंत पोचतात. 1967 मध्ये ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज फुटल्यावर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खडकांवर डिटर्जंटचा मारा झाला. खडकाला चिकटून राहणाऱ्या गोगलगायी तेलापेक्षा डिटर्जंटनंच जास्त मेल्या. ती रसायनं आजच्यापेक्षा कितीतरी जहाल होती हे मान्य, पण जिथं फवारणी झाली नाही तिथला किनारा आधी सावरला.

ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर धडकली, तेव्हा तटरक्षक दलानं डिस्पर्संट फवारलं आणि तेल कांदळवनातही शिरलं. अशा खाडीमुखावर तरंगते अडसर लावून तेल उपसणं हाच पहिला उपाय असायला हवा. आणि फवारणी करावीच लागली, तर पुढचे काही आठवडे पाण्यात किती तेल उरलं याचे आकडे जाहीर झाले पाहिजेत. तवंग नाहीसा झाल्याचं छायाचित्र हा पुरावा धरू नये.