उत्तराची घाई

फराळाच्या ताटात चकली मोडली तरी चालते. कोडे मोडलेले चालत नाही, असे मी आज ठासून म्हणणार आहे. समोरच्या बाजूला पुष्कळ शहाणी माणसे उभी आहेत, हे मला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीपर्यंत मीही त्यांच्यातच होतो.

झाले ते असे. लक्ष्मीपूजन आटोपले होते. नातवंडांनी सतरंजीवर बैठक मारून व्हिडिओ गेम ओळखण्याची कोडी सुरू केली. एकाने आडून सांगायचे, बाकीच्यांनी खेळ ओळखायचा. नात म्हणाली, "आजोबा, ओळखा! शत्रू जसजसे मरतात, तसतसे उरलेले जास्त जोरात धावतात."

मी क्षणभर छताकडे पाहिले, मग शालीआड मोबाइल धरला आणि "स्पेस इन्व्हेडर्स!" अशी आरोळी ठोकली.

"कशावरून?" तिने विचारले.

मला सांगता येईना. तिची नजर शालीकडे गेली. त्या रात्री तिने मला पुन्हा एकही कोडे घातले नाही.

"पण उत्तर बरोबर होते ना? मग बिघडले कुठे?" असे विचारणारे लोक मला हल्ली पदोपदी भेटतात. बिघडले ते इथे. तो खेळ जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली तयार केला. त्या काळचे यंत्र मंदगती. शत्रूंची फौज पुरी असली की एकेकाला पुढे सरकवताना त्याची दमछाक होई. फौज विरळ झाली की काम हलके होई आणि उरलेल्यांची चाल आपोआप वाढे. निशिकादोंनी ती तशीच राहू दिली. यंत्राचा दुबळेपणा हाच खेळाचा प्राण ठरला! एवढी मौज नातीच्या एका वाक्यात दडलेली होती. "कशावरून?" हे तिचे दार होते; मी भिंतीवरून उडी मारून आत शिरलो आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडलो.

दुसरे आक्षेपक आमच्याच पिढीतले. ते म्हणतात, "कोडी असावीत तर जात्याची, चुलीची, कणसाची. या यंत्रखेळांची कसली कोडी?" अहो, आपल्या आज्यांनी जात्यावर कोडी रचली, कारण जाते त्यांच्यासमोर होते. मुलांसमोर जे आहे, त्यावर मुले रचतात. रीत तीच: नाव टाळायचे, स्वभाव सांगायचा. "जेवेल तितका लांबेल, लांबेल तितका अडचणीत येईल, शेवटी आपल्याच अंगावर आपटून मरेल," हा १९९७ साली नोकियाच्या फोनवर आलेला साप. "सात तऱ्हेचे पाहुणे वरून येतात, प्रत्येकाचे चार चौकोन, खांद्याला खांदा लावून ओळ पुरी केली की ओळच नाहीशी," हा १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी रचलेला टेट्रिस. यात परके काय आहे? हे तर अस्सल हुमाण!

मात्र कोडे घालणाऱ्यालाही माझी तंबी आहे. "माझ्या मित्राला आवडतो, ओळखा" ही लबाडी झाली. "अमुक साली निघाला" ही माहिती झाली. उत्तर कळल्यावर ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारून "अरे, हे मला सुचायला हवे होते!" म्हणावे, ते खरे कोडे. त्यात घालणारा प्रामाणिकपणे लपवतो आणि सोडवणारा प्रामाणिकपणे शोधतो. हा दोघांमधला करार आहे. मोबाइलमध्ये डोकावणारा तो करार मोडतो. आणि समोर मूल असेल तर "तुझ्यासाठी डोके शिणवायला मला वेळ नाही," एवढेच त्याला सांगतो.

यंदा माझा मोबाइल लक्ष्मीपूजनापासून फडताळात राहणार आहे. नातीसाठी मी स्वतः एक कोडे रचले आहे: "तोंड आहे, हातपाय नाहीत. चार जण पाठीस लागले आहेत. मोठी गोळी गिळली की पळणारा उलट फिरतो आणि पाठलाग करणारेच जीव घेऊन पळत सुटतात."

वाचकहो, उत्तर मी इथे देणार नाही. घरातल्या पोरांना विचारा. आणि त्यांनी सांगितलेच, तर "कशावरून?" एवढे विचारायला विसरू नका.