खड्डा पडण्याआधी रस्ता तपासायला हवा

‘दवाखान्यात येताना गतिरोधकावर पोटात कळ आली का?’ हा प्रश्न इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी पोटदुखीच्या १०१ रुग्णांना विचारला. त्यातल्या गतिरोधकावरून आलेल्यांपैकी ३४ जणांना अपेंडिक्सची सूज असल्याचं पक्कं झालं आणि त्यांपैकी ३३ जणांनी ‘हो’ म्हटलं होतं. २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा अभ्यास आला. मीही दवनीवाडा भागातून येणाऱ्या रुग्णांना हा प्रश्न विचारून पाहिला आणि थोड्याच दिवसांत सोडून दिला. पावसाळ्यात इथले काही रस्ते असे होतात की धडधाकट माणसाच्याही पोटात कळ येते.

हसून सोडण्यासारखं हे नाही. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नसेल आणि उपचार मिळाला नाही, तर साधारण दोन तासांत बाईचा जीव जाऊ शकतो. अशा वेळी तिला गोंदियाला हलवायचं ठरलं की रुग्णवाहिकेचा चालक आधी विचारतो, ‘सर, कोणत्या रस्त्यानं नेऊ?’ जवळचा रस्ता खराब म्हणून लांबचा धरावा लागतो.

खड्डा एका रात्रीत पडला असं आपल्याला वाटतं. खरं तर ती आजाराची शेवटची पायरी असते. डांबर ऊन आणि हवा खाऊन कडक होतं, मग चाकांच्या पट्ट्यात बारीक भेगा पडतात. भेगा एकमेकींना मिळाल्या की पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा दिसू लागतो. त्यातून पाणी खाली उतरतं, खालची माती मऊ होते आणि एखादा जड ट्रक गेला की तुकडा निघतो. आपल्या धानपट्ट्यात तर पाणी बाजूनंही येतं. रस्त्याला लागूनच बांध्या असतात, त्यांत पावसाळाभर पाणी साचलेलं असतं. नाली बुजलेली असेल तर रस्ता अक्षरशः पाण्यात उभा राहतो.

दुसरं कारण वजनाचं. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवून एक गणित काढलं गेलं. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या एका ॲक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. भार १३ टक्क्यांनी वाढला, पण याच गणितानं झीज ६० टक्क्यांहून जास्त वाढते. रेतीचा ओव्हरलोड टिप्पर यात धरलेलाच नाही.

म्हणजे रस्ता किती पाणी आणि किती भार सोसतो हे मोजलं, तर तो कधी ढासळेल याचा अंदाज बांधता येतो. राष्ट्रीय महामार्गांवर लेझर आणि कॅमेरे लावलेल्या गाड्या भेगा, खड्डे आणि खडबडीतपणा मोजतात. आपल्या जिल्ह्यातूनही कोहमारा, देवरीवरून महामार्ग जातो. पण रुग्ण येतो तो आतल्या रस्त्यानं, आणि तिथं खड्डे पडले, ओरड झाली की मग डांबर पडतं.

आतल्या रस्त्यासाठी महागडी गाडीच लागते असं नाही. भरलेल्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली रस्ता किती मिलिमीटर दबतो हे एका लांब दांडीनं मोजण्याची पद्धत, बेंकेलमन बीम, आपल्या अभियंत्यांना चांगली ठाऊक आहे. ही तपासणी पावसाळा संपताच करणं उत्तम, कारण तेव्हा खालची माती सर्वांत अशक्त असते. आपल्याकडे तो महिना ऑक्टोबर. तेव्हा मोजलं तर नोव्हेंबरपासून मेपर्यंत काम करायला अवधी मिळतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्तही वाटतो. आमच्या रस्त्यावर गुडघाभर खड्डे असताना शेजारच्या बऱ्या रस्त्यावर पैसा का घालता? अगदी असाच प्रश्न मला रक्तदाबाचे रुग्ण विचारतात, ‘काहीच त्रास नाही, तर गोळी कशाला?’ भेगा बुजवणं आणि पातळ थर देणं स्वस्तात होतं. तीच वेळ गेली की खडीपासून रस्ता नव्यानं करावा लागतो आणि खर्च कित्येक पट होतो. जीवघेणे खड्डे तातडीनं बुजवावेतच. पण सगळा निधी फक्त सर्वांत वाईट रस्त्यांवर गेला, तर आजचे बरे रस्ते दोन-तीन पावसाळ्यांत त्याच रांगेत येतात.

अंदाज चुकतीलही. रेतीघाट बदलला की टिप्परांचा रस्ता बदलतो आणि परगावचं सूत्र इथं लागू पडत नाही. म्हणून मोजणी दरवर्षी हवी. आम्ही आरोग्यवाले त्यात थोडी मदत करू शकतो. मोबाइलमधला सेन्सर गाडीला बसणारे धक्के टिपतो आणि त्यावरून खडबडीतपणाचा ढोबळ अंदाज येतो. रुग्णवाहिका वर्षभर त्याच रस्त्यांवर धावतात. त्यांच्या नोंदी दर महिन्याला बांधकाम विभागाकडे गेल्या, तर कोणता रस्ता बिघडतो आहे ते पहिल्या खड्ड्याआधीच दिसेल. येत्या ऑक्टोबरपासून एका तालुक्यात हे करून पाहायला हरकत नसावी.