इंग्रजी धातूंचा इडागम

गेल्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी जळगांवाहून धुळ्यास आम्हांस भेटावयास आला. मुंबईच्या एका कचेरींत नोकरीसाठीं मुलाखतीस गेला होता. तेथें बोलतांना त्यानें ‘आस्केड’, ‘वर्केड’ असे उच्चार केले, तेव्हां समोरचे गृहस्थ एकमेकांकडे पाहून हंसले. पुढें त्याच्यानें नीट बोलवलें नाहीं. हें सांगून तो हळूच म्हणाला, “गुरुजी, वर्गांत आपण असेंच म्हणत होतां ना?” आम्ही काय उत्तर देणार? तीस वर्षें आम्हीं असेंच म्हटलें, आणि मुलांकडून म्हणवून घेतलें. ज्या धुळ्याहून इतिहासाचार्य राजवाड्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या पश्चात् १९३७ सालीं प्रसिद्ध झाला, त्या गांवीं राहून आम्हीं इंग्रजी धातु मात्र कधीं कानानें तपासला नाहीं.

चुकीचें मूळ उघड आहे. लिहिलें तसें वाचावें, ही आम्हां देवनागरीवाल्यांची संवय. नियमित धातूंच्या भूतकाळाचा प्रत्यय ‘ई’ आणि ‘डी’ या दोन अक्षरांनीं लिहितात, म्हणून आम्हीं तो सर्वत्र ‘एड’ वाचला. वस्तुतः त्याचे उच्चार तीन आहेत, आणि ज्यास थोडेंबहुत संस्कृत व्याकरण येतें त्यास ते घोकण्याचें कारणच नाहीं.

धातूच्या अंतीं क, प, फ, स, श, च यांसारखा अघोष वर्ण ऐकूं येत असेल, तर प्रत्ययही अघोष होऊन ‘ट’ उरतो : आस्क्ट, हेल्प्ट, लाफ्ट, वॉश्ट. अंतीं स्वर किंवा घोष व्यंजन असेल तर ‘ड’ : प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. मागल्या वर्णानें पुढल्या प्रत्ययास आपल्या वळणावर नेणें आपणांस नवें नाहीं. लभ् धातूस ‘त’ लागला कीं ‘लब्ध’ होतें, तशांतलाच हा प्रकार. राहिले ते धातु, ज्यांच्या अंतीं मुळांतच ट किंवा ड आहे. तेथें प्रत्यय स्पष्ट ऐकूं यावा म्हणून मध्यें इकार येतो : वाँटिड, स्टार्टिड, नीडिड. हा तर आपला इडागमच ! पठ् चें पठित होतें, कृ चें मात्र कृत. संस्कृतांत सेट् धातु कोणते नि अनिट् कोणते, हें पाठ करावें लागतें. इंग्रजींत एक ट-ड ची कसोटी पुरते.

आमच्या बाजूची एक गोष्ट सांगून टाकतों. पूर्वीं इंग्रज लोकही हा प्रत्यय स्वतंत्र अक्षर म्हणून उच्चारीत. ‘विद्वान्’ या अर्थाचा ‘लर्निड’ शब्द त्याचाच अवशेष. ‘शिकला’ या अर्थीं मात्र ‘लर्न्ड’. म्हणजे आमचा उच्चार अगदींच निराधार नव्हता, कांहीं शतकें शिळा होता इतकेंच ! पण हें मुलाखत घेणाऱ्यांस कोण सांगणार?

हेंच रूप भूतकालवाचक धातुसाधिताचेंही काम करितें. ‘ही आस्क्ट’ म्हणजे त्यानें विचारलें, ‘ही हॅज आस्क्ट’ म्हणजे त्यानें विचारलें आहे, आणि ‘ही वॉज आस्क्ट’ म्हणजे त्याला विचारण्यांत आलें. धातुसाधिताचा हा प्रत्यय व आपला ‘क्त’ एकाच मूळचे, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. मात्र ‘डिड’ आला कीं काळाचें ओझें त्यानें उचललें; पुढें धातु मोकळाच ठेवावा, ‘डिड ही आस्क’.

‘इंग’ लावून होणाऱ्या वर्तमान धातुसाधितास उच्चाराची अडचण नाहीं. तेथें जपावयाचें तें लिहिण्यांत. एका ‘पी’नें लिहिलें तर ‘होपिंग’, म्हणजे आशा करणें. दोन ‘पी’ लिहिले तर ‘हॉपिंग’, म्हणजे लंगडी घालणें. नोकरीच्या अर्जांत हा भेद पाळलेला बरा.

हें सारें आम्हांस सुचलें तें विद्यार्थी परत गेल्यावर. त्यास सविस्तर पत्र धाडिलें. त्याचें उत्तर आलें, इंग्रजींत आणि निर्दोष. पण ‘आस्क्ट’ तो आतां कसें म्हणतो हें कागदावरून कळत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत त्यास चार दिवस राहावयास बोलाविलें आहे.